पिवळा रुमाल आणि शनिवारची वही

१२ फेब्रुवारी २०२३ रोजी अ‍ॅरिझोनातील ग्लेनडेल येथे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा अंतिम सामना, म्हणजे ५७वा सुपर बोल, खेळला गेला. खेळ संपायला दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता, फलक ३५-३५ असा बरोबरीत होता आणि अशा वेळी पंचाने नियमभंगासाठी टाकलेला एक पिवळा रुमाल मैदानावर पडला. कॅन्सस सिटी चीफ्सचा तिसरा डाउन होता, म्हणजे दहा यार्ड पुढे सरकण्याच्या चार संधींपैकी तिसरी, आणि त्यांना अजून आठ यार्ड हवे होते. पॅट्रिक महोम्सने फेकलेला चेंडू जुजू स्मिथ-शूस्टरच्या पुढे बराच लांब जाऊन पडला, आणि आता चीफ्स चेंडू लाथेने खांबांमधून घालून फील्ड गोलचे तीन गुण घेतील, फिलाडेल्फिया ईगल्सला उत्तर द्यायला पावणेदोन मिनिटे तरी मिळतील, असे क्षणभर वाटले. रुमालाने ते सगळे पालटले. ईगल्सचा बचावपटू जेम्स ब्रॅडबेरी याने स्मिथ-शूस्टरची जर्सी ओढली होती, म्हणून 'डिफेन्सिव्ह होल्डिंग' देण्यात आले आणि चीफ्सला नवा पहिला डाउन, म्हणजे पुन्हा चार संधी, मिळाला. जेरिक मॅकिनन समोर मोकळी वाट असतानाही गोलरेषेच्या अलीकडेच मुद्दाम घसरून बसला, कारण त्या घडीला गुणांपेक्षा घड्याळ संपवणे अधिक मोलाचे होते. शेवटची आठ सेकंदे उरली असताना हॅरिसन बटकरने २७ यार्डांवरून चेंडू खांबांमधून घातला आणि चीफ्स ३८-३५ असे जिंकले.

मी फिलाडेल्फियाच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहते आणि ईगल्सची कट्टर चाहती आहे. माझा थोरला भाऊ कॅन्सस सिटीलगत ओव्हरलँड पार्क येथे राहतो आणि तो तितकाच कट्टर चीफ्सवाला आहे. आम्ही दोघे सांगलीत रेडिओवरचे क्रिकेटचे धावते वर्णन ऐकत वाढलो. पायचीत दिले ते योग्य की अयोग्य, यावर चेंडू न पाहताच तासन् तास भांडायची सवय आम्हांला तिथलीच आहे. तरीही त्या रात्री आमच्यात त्या निर्णयावरून भांडण झाले नाही, कारण माझ्या मते तो निर्णय बरोबर होता, आणि मी फोनवर दादाला तसे सांगितले.

दुसऱ्या दिवशी इथल्या दुकानांत, कचेऱ्यांत, शाळेच्या फाटकाशी मात्र एकच तक्रार ऐकू येत होती. चेंडू इतका लांब गेला होता की तो झेलता येणेच शक्य नव्हते, मग पकडले काय आणि सोडले काय! ही तक्रार नियमापाशी टिकत नाही. चेंडू झेलता येण्याजोगा असला पाहिजे, ही अट 'पास इंटरफिअरन्स'साठी, म्हणजे चेंडू झेलू पाहणाऱ्याला अडवण्याच्या दोषासाठी, आहे. 'होल्डिंग'ला ती लागू नाही, कारण धावत सुटलेल्या खेळाडूला वळणावर रोखून धरले, तर चेंडू कुठे जाईल आणि तो कुठे पोहोचेल, हे सगळेच बदलते. ब्रॅडबेरीने स्वतः सामन्यानंतर पत्रकारांसमोर कबूल केले की त्याने जर्सी ओढली होती आणि पंच ते सोडून देतील अशी त्याला आशा होती. इतका सरळपणा मला फार कमी खेळाडूंत दिसला आहे आणि त्याबद्दल मला त्याचा आजही आदर वाटतो.

दुसरी तक्रार अधिक वजनदार होती. सामनाभर इतक्या बारीक पकडीला कोणी रुमाल टाकला नव्हता, मग नेमका त्या क्षणी का टाकला? या प्रश्नाला मी हलके लेखत नाही, कारण खेळाडू पहिल्या पंधरा मिनिटांत पंचांचा हात किती सैल आहे हे जोखतात आणि आपला खेळ त्यावर बेततात. परंतु या तक्रारीचा अर्थ नीट लावला, तर ती 'हा निर्णय चुकला' अशी नसून 'आधीचे निर्णय कमी पडले' अशी होते, आणि आधीचे निर्णय कमी पडले असतील तर त्याचा लाभ दोन्ही संघांनी घेतलेला असतो. शिवाय त्या सामन्यात ईगल्सच्या जेलेन हर्ट्सच्या हातून निसटलेला चेंडू उचलून चीफ्सच्या निक बोल्टनने तो गोलरेषेपार नेत टचडाउन केले होते, आणि चीफ्सच्याच केडेरियस टोनीने पंट, म्हणजे ईगल्सने लांब लाथाडलेला चेंडू, परत आणताना तब्बल ६५ यार्ड पळ काढला होता, जो सुपर बोलच्या इतिहासातला विक्रम आहे. मध्यंतराला ईगल्स २४-१४ असे पुढे होते. एवढे सगळे विसरून लोक एका रुमालापाशी थांबतात, कारण रुमाल शेवटी पडला.

माझे सांगणे एवढेच आहे की पंचाचा निर्णय जोखताना त्या क्षणी, त्या जागेवरून, त्याच्या डोळ्यांना काय दिसू शकत होते आणि हातात कोणता नियम होता, हे विचारावे. सामना कोणी जिंकला, हे त्यात आणू नये. आणि ज्या कठोरपणे आपण पंचाला ही कसोटी लावतो, त्याच कठोरपणे ती भाकीत करणाऱ्यालाही लावावी. रविवारच्या सामन्याआधी शनिवारी जे ठाऊक होते, त्यावर त्याचा अंदाज पारखावा. रविवारच्या फलकावर पारखू नये. या दोन गोष्टी मला एकाच धाग्यातल्या वाटतात.

मैदानावर सात पंच असतात. पांढऱ्या टोपीचा रेफरी हा त्यांचा प्रमुख असतो आणि खेळ सुरू होताना तो चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मागे उभा असतो. त्याचे लक्ष क्वार्टरबॅकवर आणि त्याच्यावर चाल करून येणाऱ्यांवर असते. चाळीस यार्डांवर, कडेच्या रेषेपाशी काय घडले, हे त्याला बहुतेक वेळा दिसतच नाही. कडेला, मध्यभागी आणि पार मागे उरलेले सहा जण आपापले खेळाडू वाटून घेऊन उभे असतात. यांतील बहुतेकांचा हा पूर्णवेळ व्यवसाय नसतो. एड हॉक्युली हे वकील होते. वॉल्ट कोलमन हे आर्कान्सातल्या पिढीजात दूध व्यवसायाच्या घराण्यातले. सारा थॉमस २०१५ साली या लीगची कायम नेमणुकीची पहिली महिला पंच झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सुपर बोलच्या मैदानावरही उतरली. दर आठवड्याला लीगची कचेरी प्रत्येक पंचाच्या प्रत्येक निर्णयाची तपासणी करून गुण देते आणि ज्यांचे गुण चांगले, त्यांनाच बाद फेरीचे सामने मिळतात. ही माणसे निष्काळजी नाहीत. सव्वाशे किलोंची माणसे एकमेकांवर आदळत असताना निमिषभरात जे दिसेल, त्यावर त्यांना बोलावे लागते.

असे असूनही काही चुका अशा असतात की त्यांना कोणतीही कसोटी लावा, त्या चुकाच ठरतात. २० जानेवारी २०१९ रोजी न्यू ऑर्लीन्सच्या सुपरडोममध्ये सेंट्स आणि लॉस एंजेलिस रॅम्स यांच्यात सुपर बोलला कोणी जायचे याचा सामना होता. २०-२० अशी बरोबरी, दोन मिनिटांहून कमी वेळ, रॅम्सच्या तेराव्या यार्डावर सेंट्सचा तिसरा डाउन. ड्रू ब्रीझने उजवीकडे टॉमीली लुईसकडे चेंडू फेकला आणि चेंडू पोहोचण्याच्या स्पष्ट आधी निकेल रोबी-कोलमन हा रॅम्सचा बचावपटू मागे वळूनही न पाहता त्याच्या अंगावर जाऊन धडकला. रुमाल पडला नाही. संपूर्ण स्टेडियमला ते दिसले होते, रोबी-कोलमननेही नंतर ते मान्य केले, आणि हेल्मेटने हेल्मेटवर आघात केल्याबद्दल लीगने त्याला २६,७३९ डॉलरचा दंडही केला. रेफरी बिल व्हिनोविच यांनी सामन्यानंतर सांगितले की तो त्या बाजूच्या पंचांचा निर्णय होता आणि त्यांनी स्वतः ती चाल पाहिली नव्हती. लोक या उत्तरावर संतापले, पण ते पांढऱ्या टोपीच्या जागेवरून खरे असणार, असे मला वाटते. चूक त्या बाजूला ज्यांची नजर असायला हवी होती त्यांची होती आणि ती दडवण्याजोगी नव्हती. सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी त्याच रात्री पत्रकारांना सांगितले की लीगच्या कचेरीने फोनवर चूक मान्य केली आहे.

रुमाल पडला असता, तर सेंट्सला गोलरेषेजवळ नवा पहिला डाउन मिळाला असता, त्यांनी घड्याळ संपवले असते आणि शेवटी जवळून फील्ड गोल मारला असता. तसे न होता त्यांनी २३-२० अशी आघाडी घेतली, रॅम्सने ग्रेग झर्लाइनच्या फील्ड गोलने बरोबरी साधली, जादा वेळेत नाणेफेक सेंट्सने जिंकली, ब्रीझचा चेंडू रॅम्सच्या जॉन जॉन्सनने मध्येच झेलला आणि झर्लाइनने ५७ यार्डांवरून सामना २६-२३ असा संपवला. त्या न पडलेल्या रुमालानंतरही सेंट्सच्या हातात आघाडी होती आणि जादा वेळेत चेंडू पहिल्यांदा त्यांच्याकडेच आला होता. त्याच शेवटच्या सत्रात रॅम्सच्या क्वार्टरबॅकच्या हेल्मेटची जाळी धरली गेली होती आणि तेही पंचांकडून सुटले होते. न्यू ऑर्लीन्समध्ये त्याची आठवण फार कोणी काढत नाही. मला हे सांगून सेंट्सच्या चाहत्यांचे दुःख कमी करायचे नाही. त्यांचे दुःख रास्त आहे. त्या शहरात लोकांनी सुपर बोलच्या दिवशी सामना न पाहता रस्त्यावर बँड लावून मिरवणुका काढल्या, प्रकरण लुइझियानाच्या न्यायालयांपर्यंत गेले आणि अखेर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते निकालात काढले.

त्या वर्षी मार्चमध्ये संघमालकांनी ३१ विरुद्ध १ मतांनी ठरवले की 'पास इंटरफिअरन्स'चा निर्णय, दिलेला असो वा न दिलेला, रिप्लेमध्ये तपासता येईल. एकटे सिनसिनाटी विरोधात होते. हा नियम एकच हंगाम टिकला. प्रशिक्षक लाल रुमाल टाकून दाद मागत, न्यूयॉर्कमधले पंच पडदा पाहत, आणि बहुतेक वेळा मैदानावरचा मूळ निर्णयच कायम राहत असे. याचे कारण उघड आहे. पाय रेषेच्या आत होता की बाहेर, चेंडू जमिनीला टेकला की नाही, हे कॅमेरा सांगू शकतो. दोन धावणाऱ्या माणसांच्या अंगस्पर्शाने एकाची संधी 'लक्षणीयरीत्या' हिरावली गेली की नाही, हे संथगतीत पाहिले तर प्रत्येक स्पर्श अपराध वाटू लागतो आणि पूर्ण वेगात पाहिले तर कोणताच वाटत नाही. २०२० मध्ये तो नियम मुकाट्याने मागे घेतला गेला.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे १९ जानेवारी २००२ ची फॉक्सबोरोमधली हिमवर्षावातली रात्र. ऑकलंड रेडर्स १३-१० असे पुढे होते. त्यांच्या चार्ल्स वुडसनने न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याला पाडले, चेंडू निसटला, रेडर्सने त्यावर झडप घातली आणि सामना संपल्यात जमा झाला. रेफरी होते ते वर उल्लेखलेले वॉल्ट कोलमन. त्यांनी रिप्ले पाहिला आणि निर्णय फिरवला, कारण १९९९ पासून नियमपुस्तकात असे लिहिले होते की क्वार्टरबॅकने फेकण्यासाठी हात पुढे आणला आणि मग न फेकता चेंडू अंगाशी परत घेताना तो निसटला, तरी ती फेकच समजावी. अ‍ॅडम व्हिनातिएरीने बर्फातून ४५ यार्डांवरून बरोबरी साधली, जादा वेळेत न्यू इंग्लंड पॅट्रियट्स १६-१३ असे जिंकले आणि पुढे ते चौदा गुणांनी हरतील असा अंदाज असतानाही त्यांनी सुपर बोल जिंकला. ऑकलंडमध्ये त्या निर्णयाला आजही दरोडा म्हटले जाते. कोलमन यांना त्यानंतर निवृत्तीपर्यंत रेडर्सचा एकही सामना देण्यात आला नाही. परंतु कोलमन यांनी जे केले ते पुस्तकाबरहुकूम होते. दोष पुस्तकाचा होता आणि तो दुरुस्त व्हायला २०१३ साल उजाडले. मला त्या माणसाबद्दल नेहमी वाईट वाटते. वाईट नियम प्रामाणिकपणे लावल्याचा बोल त्यांनी उरलेली कारकीर्द सोसला.

आता भाकिताकडे वळते. आम्हां भावंडांचा शिरस्ता असा की शनिवारी रात्री फोनवर बोलताना दोघांनी आपापल्या वहीत रविवारच्या सामन्यांचे अंदाज लिहायचे. नुसते 'हा जिंकेल' असे लिहायचे नाही. किती टक्के खात्री आहे तेही लिहायचे. ही सूचना दादाची. तो विमा कंपनीत जोखीम मोजण्याचे काम करतो आणि आकड्याशिवायचे मत त्याला मत वाटत नाही.

"साठ टक्के म्हणजे काय, ते तरी सांग," मी सुरुवातीला त्याला विचारले होते.

"अगं, साठ टक्के म्हटलेले दहा सामने घे. त्यांतले चार तू हरलीस तरच तुझा अंदाज बरोबर होता. दहाच्या दहा जिंकलीस तर तुला स्वतःच्या मताची किंमत कळली नाही, असे मी म्हणेन."

हिशेब ठेवायची रीत हवामान खात्यातली आहे. ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने १९५० साली ती मांडली. खात्री आणि निकाल यांतले अंतर घ्यायचे आणि त्याचा वर्ग करायचा. साठ टक्के म्हणून संघ जिंकला, तर ०.४ चा वर्ग म्हणजे ०.१६ दंड, हरला तर ०.३६. नव्वद टक्के म्हणून जिंकला तर दंड फक्त ०.०१, पण हरला तर ०.८१. प्रत्येक सामन्याला पन्नास टक्के लिहिणाऱ्याचा दंड कायम ०.२५ राहतो आणि हंगामाच्या शेवटी त्याच्याहून कमी सरासरी आली, तरच आपल्याला काही कळते असे म्हणावे. ही रीत फार कडक शिक्षिका आहे. छाती ठोकून बोलणाऱ्याला ती एका रविवारात जमिनीवर आणते.

या खेळात भाकीत करणे कठीण का, याची कारणे खेळाच्या रचनेतच आहेत. २०२१ पासून एका संघाच्या वाट्याला नियमित हंगामात १७ सामने येतात. बेसबॉलमध्ये ही संख्या १६२ आहे. सतरा सामन्यांत नशिबाला वळायला वेळच मिळत नाही. त्यातच जवळपास निम्मे सामने एका टचडाउनच्या आत-बाहेर सुटतात. ज्या संघाचे पारडे जड समजले जाते, तो ढोबळमानाने तीनपैकी दोनदा जिंकतो. म्हणजे सर्वज्ञ समजल्या जाणाऱ्या सट्टेबाजाराचाही तिसरा सामना हुकतो. घरच्या मैदानाचे तीन गुण धरायचे, हा जुना ठोकताळा होता. २०२० मध्ये महासाथीमुळे बहुतेक स्टेडियमे रिकामी किंवा अर्धरिकामी राहिली आणि यजमान संघ १२७ सामने जिंकून १२८ हरले. तीन गुणांतला मोठा वाटा गर्दीच्या आवाजाचा होता, हे त्या वर्षी दिसले.

किती गुणांनी, हा प्रश्न भाकितात आणला तो चार्ल्स मॅक्नील या आधी गणित शिकवणाऱ्या आणि पुढे शिकागोत बुकी झालेल्या माणसाने, असे मानले जाते. 'पॉइंट स्प्रेड' नावाची ही युक्ती १९४० च्या दशकातली. बलवान संघाने नुसते जिंकून चालत नाही, ठरलेल्या फरकाहून अधिक गुणांनी जिंकावे लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना पैसे लावणारे मिळतात. टचडाउन आणि त्यावरचा जादा गुण मिळून सात होतात, फील्ड गोलचे तीन, म्हणून तीन आणि सात हे फरक या खेळात वारंवार येतात आणि अडीच की साडेतीन यावर जाणकार माणसे रात्र रात्र घालवतात.

मी पैसे लावत नाही आणि वहीच्या बाहेर आमची पैज कधी गेलेली नाही. मे २०१८ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने क्रीडा सट्ट्यावरचा केंद्रीय कायदा रद्द ठरवला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेनसिल्व्हेनियात कायदेशीर सट्टा सुरू झाला, आणि आता सामन्याच्या प्रक्षेपणात दर विश्रांतीला सट्ट्याच्या अ‍ॅपची जाहिरात लागते. माझ्या मते याने पंचांवरच्या चर्चेचे मोठे नुकसान केले आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये, नेहमीचे पंच लीगशी करार न झाल्यामुळे बाहेर ठेवलेले असताना, सिअ‍ॅटलमध्ये शेवटच्या फेकीवर एका बदली पंचाने टचडाउनची खूण केली आणि शेजारच्या दुसऱ्याने तशी केली नाही. टचडाउन कायम राहिले आणि पाहुणा संघ ग्रीन बे पॅकर्स १४-१२ असा हरला. दोनच दिवसांत करार झाला आणि खरे पंच परतले. त्या एका निर्णयाने लास व्हेगासमध्ये कोट्यवधी डॉलर इकडचे तिकडे झाले. आता तसे पैसे प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर फिरतात. ज्याचे पैसे बुडाले, त्याला नियम ऐकून घ्यायचा नसतो. त्याला गुन्हेगार हवा असतो.

भाकीत आणि पंच या दोन गोष्टी एका चालीत गुंफल्या गेल्याचे माझे आवडते उदाहरण ३ फेब्रुवारी २००८ चे आहे, आणि योगायोगाने स्टेडियमही ग्लेनडेलचे तेच. १८ पैकी १८ सामने जिंकलेले पॅट्रियट्स बारा गुणांनी वरचढ धरले गेले होते. शेवटच्या सव्वा मिनिटात न्यूयॉर्क जायंट्सच्या इलाय मॅनिंगला दोन बचावपटूंनी जर्सीला धरून मागे खेचले. क्वार्टरबॅक पूर्ण पकडीत आहे आणि त्याला इजा होईल असे रेफरीला वाटले, तर शिट्टी फुंकून चाल थांबवण्याची मुभा नियमात आहे. सुपर बोलमध्ये रेफरी म्हणून उभे राहिलेले पहिले आफ्रिकी-अमेरिकी माइक केरी काही पावलांवर होते. त्यांनी शिट्टी ओठांपाशी नेली नाही. मॅनिंग सुटला, त्याने चेंडू उंच फेकला आणि डेव्हिड टायरीने तो एका हाताने आपल्या हेल्मेटवर दाबून धरत ३२ यार्ड मिळवले. जायंट्स १७-१४ असे जिंकले. ती शिट्टी वाजली असती, तर केरींना कोणी नावे ठेवली नसती आणि तो अजिंक्य हंगाम बहुधा पूर्ण झाला असता. बारा गुणांचे भाकीत करणारे मूर्ख होते काय? मुळीच नाही. ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांच्या अंदाजात पंधरा-वीस टक्के नावाची जी फट असते, ती त्या चालीत उघडली.

आणि ती फट कधीकधी बोटभर असते. डिसेंबर २०१७ मध्ये ऑकलंडला डलास काउबॉइज आणि रेडर्स यांच्या सामन्यात दहा यार्ड पुरे झाले का हे पाहण्यासाठी साखळी ताणून मोजणी झाली, तेव्हा चेंडूचे टोक खांबाला टेकले की नाही, हे नुसत्या डोळ्यांना ठरेना. रेफरी जीन स्टेरेटोर यांनी खिशातून कागदी कार्ड काढले, त्याची घडी घातली, गुडघ्यावर बसून ते चेंडू आणि खांब यांच्या मधून सरकवून पाहिले आणि काउबॉइजच्या बाजूने हात दाखवला. लोकांना ते फार विचित्र वाटले. मला त्या कार्डाहून वीस सेकंद आधीची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटली. चेंडू त्या जागी ठेवला कोणी? मानवी ढिगाऱ्याखाली पडलेल्या खेळाडूचा पुढचा वेग नेमका कुठे थांबला, ते कडेच्या पंचाने धावत येऊन पायाने दाखवले, आणि त्या अंदाजी जागेवरून मग कागदाच्या जाडीइतकी मोजणी झाली.

जानेवारी २०२५ मध्ये अ‍ॅरोहेडवर, म्हणजे चीफ्सच्या घरच्या मैदानावर, हेच पुन्हा घडले. बफेलो बिल्स चौथ्या सत्राच्या सुरुवातीला २२-२१ असे पुढे, चौथा डाउन, एक यार्ड हवा. बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन ढिगाऱ्यात घुसला. दोन बाजूंनी धावत आलेल्या दोन पंचांच्या खुणा जुळत नव्हत्या, आणि कमी अंतराची खूण धरली गेली. रिप्लेमध्ये निर्णय फिरवण्याइतका स्पष्ट पुरावा नाही, म्हणून मूळ निर्णय राहिला. निवृत्तीनंतर प्रक्षेपणात नियम समजावून सांगणाऱ्या स्टेरेटोर यांनी तेव्हा अ‍ॅलनच्या बाजूने मत दिले. क्रिकेट पाहणाऱ्या मराठी माणसाला 'अंपायर्स कॉल'मुळे ही अवस्था चांगली ठाऊक आहे. यंत्राला खात्री नसेल, तर मैदानावरच्या माणसाचे पहिले म्हणणे राहते आणि तेच म्हणणे उलटे असते तर तेही राहिले असते. चीफ्स तो सामना ३२-२९ असा जिंकले. दादाच्या वहीत त्यांना ५५ टक्के होते. त्याने स्वतःहून सांगितले की ती खूण त्याला चुकीची वाटते. मला त्याचा अभिमान वाटला.

त्याच वर्षी लीगने साखळी बाजूला ठेवून हॉक-आय कॅमेऱ्यांनी मोजणी सुरू केली. सुधारणा चांगली आहे, वेळ वाचतो. पण कॅमेरे चेंडू ठेवलेल्या जागेपासून मोजतात. चेंडू कुठे ठेवायचा, हे अजून माणूसच ठरवतो. अ‍ॅलनचा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही.

बिल्सच्या त्या सामन्यानंतर दोन आठवड्यांनी न्यू ऑर्लीन्समध्ये सुपर बोलला ईगल्स आणि चीफ्स पुन्हा समोरासमोर आले. पंच चीफ्सना जिंकवतात, ही कुजबुज इतकी वाढली होती की लीगचे आयुक्त रॉजर गुडेल यांना ती हास्यास्पद असल्याचे जाहीरपणे सांगावे लागले. बाजाराने चीफ्सना गुण-दीड गुणाने पुढे धरले होते. ईगल्सचे बचाव प्रशिक्षक विक फँजिओ यांच्या फळीने जादा माणसे न पाठवताच महोम्सला सळो की पळो केले, मध्यंतराला २४-० आणि अखेर ४०-२२ असा फलक लागला. मी ईगल्सना ५२ टक्के लिहिले होते. शेजारी माझे अभिनंदन करू लागले, तेव्हा मी त्यांना सांगितले की बावन्न टक्के म्हणजे जवळजवळ काहीच न सांगणे आहे आणि त्यात माझे शहाणपण शोधू नये. कुजबुज करणाऱ्यांनी मात्र आपले म्हणणे तपासल्याचे मला दिसले नाही.

माझी एक मागणी आहे आणि ती मी गंभीरपणे करते. अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग २०१५ पासून चुरशीच्या सामन्यांच्या शेवटच्या दोन मिनिटांतल्या प्रत्येक निर्णयाचा अहवाल दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध करते. बरोबर काय, चूक काय, कोणता निर्णय सुटला, सगळे त्यात असते. फुटबॉलमध्ये पंचांचे गुण कचेरीत बंद राहतात. सामन्यानंतर एका पत्रकाराला रेफरीशी बोलू देतात, तेवढाच काय तो खुलासा. हे गुण खुले झाले, तर सात माणसे एका सामन्यात शेकडो वेळा बरोबर पाहतात हेही लोकांना दिसेल आणि सुपरडोमसारखी चूक झाली तर ती लेखी मान्य झालेली असेल.

दादाला हे पटत नाही. "पैसे लावणाऱ्यांच्या हातात तू सोमवारी सकाळी आरोपपत्रच देशील," असे तो म्हणतो. "वॉल्ट कोलमनला नियम लावून जे भोगावे लागले, ते तू सातही जणांना दर आठवड्याला भोगायला लावशील." त्यावर मी म्हणते की कोलमन यांना जे सोसावे लागले, ते लोकांना गुण न दिसल्यामुळेच. हा वाद आम्ही गेल्या हंगामात मिटवू शकलो नाही, आणि या सप्टेंबरात पहिल्या शनिवारी फोन लागेल, तेव्हा अंदाज लिहिण्याआधी मी तोच पुन्हा काढणार आहे.